तीन हजारांचं रबिंग मशीन आणि काकांची काळी स्विफ्ट

प्रश्न : सर, मी कराडजवळच्या एका गावातला. बारावी कॉमर्स झालोय. दीड वर्ष हायवेवरच्या वॉशिंग सेंटरला कामाला आहे. फोम वॉश, व्हॅक्युम, आतली साफसफाई सगळं येतं. आता डिटेलिंगमध्ये, म्हणजे रंगावरच्या रेघा काढून गाडी चमकवायच्या कामात उतरायचंय. ऑनलाइन २,८०० रुपयांत रोटरी बफर, म्हणजे गोल पॅड फिरवून रंग घासायचं रबिंग मशीन मिळतंय, सोबत तीन पॅड फुकट. माझ्याकडे साठवलेले ९,००० आहेत. मालक म्हणतात, "घे, कामं देतो." वडील म्हणतात, "गाड्या पुसायला बारावी केलीस का?" एवढं स्वस्त मशीन या कामाला चालेल का? काकांची काळी स्विफ्ट आहे, तिच्यावर आधी हात बसवून घेऊ का? माझं नाव छापू नका.

उत्तर :

प्रिय मित्रा,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तोवर तू मशीन मागवून मोकळा झालेला असशील. काकांच्या गाडीला हात लावू नकोस. काळा रंग, नवखा हात आणि रोटरी एकत्र आले की नात्यात कटुता ठरलेली. स्वतःच्या अनुभवाने सांगतोय. मी आयटीआयमध्ये निदेशक होतो. २००४ साली मेहुण्यांच्या गाडीच्या बंपरवर एक रेघ आली होती. पाच मिनिटांचं काम म्हणून ओळखीच्या गॅरेजमधून रोटरी मागून आणली. बंपरच्या कडेवर पॅड जेमतेम दोन-तीन सेकंद रेंगाळला असेल. आधी करपल्याचा वास आला, मग दुधावरची साय सरकावी तसा रंग सरकला आणि खालचं काळं प्लास्टिक दिसायला लागलं. बंपर रंगवायचे पैसे अर्थातच मी दिले. मेहुणे सज्जन आहेत, पण दिवाळीला आले की अजूनही गाडी माझ्या दारात न लावता कोपऱ्यावर लावतात.

हे का झालं ते नीट समजून घे, म्हणजे मशीनच्या किमतीचा हिशेब सोपा जाईल. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि वरचा क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा थर असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला क्लिअर, ज्याला आपले पेंटर लॅकर म्हणतात, तो चाळीस-पन्नास मायक्रॉन. डोक्याचा केस सत्तरच्या आसपास जाड असतो. म्हणजे तुझा सगळा धंदा केसापेक्षा पातळ थरावर चालणार. फडक्याने पडलेल्या गोल गोल रेघा काढताना त्यातले दोन-चार मायक्रॉन घासले जातात, तेवढं खपतं. पण पत्र्याच्या कडांवर आणि बॉनेटच्या घडीवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, आणि पॅडचा सगळा भार नेमका तिथेच येतो. बंपरचं आणखी वेगळं. पत्रा उष्णता पसरवून टाकतो, प्लास्टिक ती जागच्या जागी धरून ठेवतं.

आता वेग बघ. सात इंची पॅड मिनिटाला १,५०० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याची कड ताशी पन्नास किलोमीटरने पळत असते. ३,००० वर नेलास की शंभर. त्याच १,५०० वर पाच इंची पॅडची कड पस्तीसनेच पळते, म्हणून सुरुवात पाच इंचीवर कर. आणि तुमच्या सेंटरला ग्राइंडरला पॅड लावून मारायची पद्धत असेल, तर तिथून दोन पावलं मागे सर. तो ११,००० फेऱ्यांनी फिरतो, तो कापायला बनवलाय.

स्वस्त मशीनची अडचण ताकदीची नसते. त्याला लगाम नसतो. चांगल्या रोटरीत तू दाबलंस तरी फेऱ्या तेवढ्याच राहतील अशी व्यवस्था असते. स्वस्तात दाबलं की वेग पडतो, उचललं की उसळतो, आणि तुझ्या हाताला कळतच नाही की कुठल्या वेगाला काय होतं. बटण दाबताच एकदम झटका देऊन सुरू होतं. काहींचा सगळ्यात कमी वेगच इतका जास्त असतो की शेवटचा पॉलिशचा हात फिरवायला ते उपयोगाचं नसतं.

तरीही मशीन घरी आलं, तर परत पाठवायची मुदत संपायच्या आत हे कर. प्लग काढ. पॅड जिच्यावर चिकटतो ती वेल्क्रोची प्लेट बसव, मशीन टेबलावर आडवं ठेव आणि पेन्सिलचं टोक प्लेटच्या कडेला केसभर अंतरावर टेकवून धर. आता प्लेट हाताने हळू फिरव. फट कधी उघडते, कधी मिटते असं दिसलं, तर प्लेट तरी वाकडी आहे नाहीतर शाफ्ट. दुसरी प्लेट लावून बघ. त्यासाठी शाफ्टचा आटा, म्हणजे थ्रेड, एम १४ (१४ मिलिमीटरचा) हवा, म्हणजे बाजारातल्या चांगल्या प्लेटा बसतील. प्लेट बदलूनही फट नाचत असेल तर मशीन परत कर, सोबतचे पॅड कितीही गोड वाटोत. मग दहा मिनिटं मोकळं चालवून गिअरच्या डोक्यावर तळवा ठेव. ठेवता येत नसेल तर आत ग्रीस किंवा बेअरिंग रडतंय. आणि त्याच्या मोटरमधले कार्बन (ब्रश) कराडात मिळतात का, हे दुकानदाराला आधीच विचार. कार्बन झिजणारच.

फुकटच्या पॅडचं म्हणशील, तर लोकरीचा एक ठेव. स्पंजाचे बहुतेक गरम झाले की वेल्क्रोपासून सुटतात, आणि चालत्या मशीनवरून सुटलेला पॅड कुठे जाईल ते सांगता येत नाही.

तर चालेल का? शिकायला चालेल. पैसे घेऊन गिऱ्हाइकाच्या गाडीवर लावायला नाही, निदान पहिले सहा महिने तरी. त्यातही खरा दोष निम्मा किमतीचा आणि निम्मा रोटरी या जातीचा आहे, हे लक्षात घे. भारीतली रोटरीसुद्धा नवख्याच्या हातात रंग जाळते. आणि आपल्याकडचे कितीतरी जुने पेंटर साध्या रोटरीवर आरशासारखं काम काढतात, कारण त्यांनी वीस वर्षं चुका केल्यात. गिऱ्हाइकाच्या कामासाठी पुढे ड्युअल अ‍ॅक्शन, म्हणजे डीए मशीन घे. त्यात पॅड गोल फिरता फिरता थोडा इकडे-तिकडे डुलतोही, आणि जास्त दाबलास तर फिरणंच थांबतं. खोल रेघेला ते वेळ खातं, पण चूक पोटात घालतं. रोटरी यायला लागलेला माणूस डीए सहज चालवतो, उलटं होत नाही. म्हणूनच तू शिकायला रोटरीच घेतोयस याला माझी हरकत नाही.

मालकांचं "घे, कामं देतो" मला खटकलं. मशीन तुझं, हात तुझा, आणि गिऱ्हाइकाचा रंग जळला तर भरपाई कोणाची? हे त्यांना तोंडावर विचार. उत्तर गुळमुळीत आलं तर समजून जा.

आणखी एक गोष्ट, जी या धंद्यात कुणी बोलत नाही. वॉशिंग सेंटरची फरशी दिवसभर ओली असते आणि तू चपला घालून तिथे विजेचं मशीन धरणार. मशीनच्या पट्टीवर चौकोनात चौकोन अशी खूण आहे का बघ, ती दुहेरी इन्सुलेशनची असते. बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर मालकांना बसवायला लाव, नाहीतर कोरड्या जागेत काम कर. वायर खांद्यावरून मागे सोड. गळ्यातला टॉवेल काढून ठेव, रोटरी तो क्षणात गुंडाळते.

पैशांचं असं कर. मशीन घेतल्यावर सहा हजारांच्या वर उरतात. त्यात एक बरी प्लेट, स्पंजाचे दोन चांगले पॅड, कंपाऊंड (रंग घासायची पेस्ट) आणि पॉलिशच्या लहान बाटल्या, कडा झाकायला मास्किंग टेप आणि हातात धरायचा एलईडी दिवा. उरेल ते डीएसाठी बाजूला टाक. थर मोजायचं गेज लगेच घेऊ नकोस, कुठल्या गॅरेजमध्ये असेल तर वापरून बघ. पत्र्यावर आकडा तीनशेच्या वर गेला की तिथे पुन्हा रंग मारलाय किंवा खाली लांबी (पुट्टी) भरलीय असं समज. साधं गेज प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, तिथे डोळाच लागतो. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० पर्यंत कर्ज मिळतं हे तुला कोणीतरी सांगेलच. आत्ता त्याच्या वाटेला जाऊ नकोस. हाताला काम येईपर्यंत हप्ता डोक्यावर नको.

माझा मुख्य सल्ला मशीनबद्दलचा नाहीच. वॉशिंग सेंटरवरून थेट डिटेलिंगमध्ये उडी मारण्याऐवजी सहा-आठ महिने एखाद्या चालत्या डेंटिंग-पेंटिंग गॅरेजमध्ये घाल, पगार थोडा कमी मिळाला तरी. रंग घासायचा धंदा करायचा तर तो चढतो कसा, हे बघितलं पाहिजे. तिथे ताज्या लॅकरवर दोन हजार नंबरचा पाणीपेपर (पाणी लावून घासायचा बारीक पॉलिश पेपर) मारून मग रबिंग करतात. थर जाड असतो, आणि समज जळलाच तर रंगवणारा शेजारीच उभा असतो. शिव्या खाशील, पण भरपाई भरणार नाहीस. कागद हवा असेल तर आयटीआयमध्ये मेकॅनिक ऑटो बॉडी पेंटिंग हा एक वर्षाचा ट्रेड आहे. तो प्रत्येक आयटीआयमध्ये नसतो, म्हणून प्रवेशाच्या वेळी तुझ्या आसपास कुठे आहे ते बघ.

वडिलांशी वाद घालू नकोस. बारावी कॉमर्स कुठे वाया जात नाही, उलट हिशेबाची वही नीट ठेवणारा डिटेलर मला फारसा भेटलेला नाही. त्यांना काहीतरी दाखव. भंगारवाल्याकडून जुनं बॉनेट आण, घासायच्या आधी घासाघीस कर. धुऊन घे, मधोमध टेप लाव आणि एकाच बाजूला काम कर. मशीन चालू करायच्या आधी पॅड पत्र्यावर टेकव, नाहीतर कंपाऊंड भिंतीवर आणि तुझ्या तोंडावर उडेल. अधूनमधून हाताची मागची बाजू पत्र्याला लावून बघ, चटका बसला तर थांब. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढ. काही कंपाऊंडमध्ये तेलकट भरण असतं, ते रेघा बुजवतं, आणि दोन धुण्यांत रेघा पुन्हा वर येतात. पुसल्यावर जे उरतं ते तुझं काम.

मग टेप काढून बॉनेट उन्हात ने. रात्री पेट्रोल पंपाच्या पांढऱ्या दिव्याखालीही ने. तिथे लोकरीच्या पॅडचे माग कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकताना दिसतील. ते जाईपर्यंत वडिलांना बोलावू नकोस. आणि भंगारवाल्याकडे गेलास की बॉनेट काळंच माग. पांढऱ्यावर तुला काहीच दिसणार नाही.