अँटिबॉडी टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे कोरोनाविरुद्धची प्रतिकारशक्ती संपली का?

नाही, लगेच तसं समजू नका. अँटिबॉडी उतरल्या तरी टी पेशींची (प्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) आठवण बरीच वर्षं टिकू शकते, आणि जळगावच्या लॅबमध्ये तुम्ही केलेली टेस्ट ती मोजतच नाही. अँटिबॉडी विषाणूला पेशीबाहेर गाठतात. तो आत शिरला की मारक टी पेशींची पाळी. बाधित पेशी विषाणूच्या प्रथिनांचे तुकडे स्वतःच्या पृष्ठभागावर मांडते. टी पेशी ते ओळखते, परफोरिन नावाच्या प्रथिनाने तिच्या आवरणाला भोकं पाडते, ग्रॅन्झाइम नावाची विकरं आत सोडते आणि अख्खी पेशीच संपवते. रावेर-यावलकडे सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) लागलेलं केळीचं रोप मुळासकट उपटून फेकतात ना, तसंच. (केळीला टी पेशी नसतात, म्हणून ते काम शेतकऱ्याच्या माथी.) मी धुळ्याला सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, वर्गात २००३ च्या सार्सचा, म्हणजे कोरोनाच्याच कुळातल्या विषाणूच्या साथीचा, दाखला देतो. त्यातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तात १७ वर्षांनीही तो विषाणू ओळखणाऱ्या टी पेशी सापडल्या. एक मात्र आहे: शरीरातली पेशी बाधित झाल्यावरच टी पेशी कामाला लागतात. त्यामुळे सर्दी-ताप पुन्हा येऊ शकतो, आजार गंभीर होण्याचा धोका तेवढा कमी होतो.