आजीची गाणी सीडीवर, पण प्लेअर गप्प

प्रश्न: श्रावणात कानबाई देवीच्या जागरणाला आजीने म्हटलेली अहिराणी गाणी मोबाईलवर घेतली, सीडी बनवली. कॉम्प्युटरवर वाजते, पण मामांच्या जुन्या प्लेअरवर नुसतं ‘नो डिस्क’. असं का? – एक वाचक, अमळनेर

उत्तर: भाऊ, तुम्ही बहुतेक एमपीथ्री फायली तशाच डेटा डिस्क म्हणून टाकल्यात, जुन्या प्लेअरला त्या कळत नाहीत. बर्न करताना (म्हणजे सीडीवर लिहिताना) ‘ऑडिओ सीडी’ निवडा, सॉफ्टवेअर गाणी ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटमध्ये, म्हणजे ऑडिओ सीडीच्या ठरलेल्या साच्यात, आपोआप बदलून घेतं, फक्त ७०० एमबीच्या डिस्कवर ८० मिनिटंच मावतात, म्हणून एमबी नाही, मिनिटं मोजा. आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी) नको, साधी, एकदाच लिहिता येणारी सीडी-आर घ्या, आणि डिस्क फायनलाइज करा, म्हणजे लिहिणं संपवून बंद करा, मी विसरलो नि दोन कोऱ्या डिस्क वाया गेल्या! गाणी सलग हवीत तर मधली २ सेकंदांची गॅप शून्य करा.