शित्झू जातीचं कुत्रं घरी आलंय, आता एवढं कर

कुत्रं चोरणारा नेहमी अनोळखी नसतो. ‘कितीला घेतला?’ असं सहज विचारून जाणाराही असतो. चोरी बहुधा विकायला किंवा पिल्लं काढायला होते, म्हणून डॉक्टरांना विचारून नसबंदी उरकून घे. कोथरूडला दुकानाबाहेर खांबाला बांधून ‘दोन मिनिटांत आलो’ हे तर अजिबात नको! कातडीखाली बसवतात ती बारीक मायक्रोचिप बसव, पण तिच्यामुळे कुत्रं कुठे आहे ते कळत नाही. स्कॅनर लावल्यावर फक्त १५ अंकी नंबर दिसतो, त्या नंबरासोबत नोंदवलेला फोन चालू हवा. महापालिकेचा परवाना आणि खरेदीची पावती जपून ठेव. कुणी उचलून नेलंच, तर पोलिसांत नुसतं ‘हरवलं’ लिहून येऊ नकोस. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीची तक्रार दे. पोस्टरवर त्याची एखादी खूण मुद्दाम गाळ, बक्षिसासाठी फोन करणाऱ्याला नेमकी तीच विचार.