बारावीनंतर कृषी व्यवसाय व्यवस्थापन घ्यावं का?

जरूर घ्या, पण विद्यापीठाच्या नावाआधी कॉलेज बघा. राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही आपली ४ राज्य कृषी विद्यापीठं; त्यांच्याशी संलग्न खासगी कॉलेजं भरपूर आहेत आणि दर्जात फरक पडतो. पदवी ४ वर्षांची, प्रवेश सीईटीवर. पिकं-माती थोडी असतेच, भर मात्र पणन (शेतमालाची विक्री), शेती-वित्त, हिशेबावर.

सुट्टीत जवळच्या बाजार समितीत लिलाव बघायला जाच. हमाली-तोलाई वजा जाता शेतकऱ्याच्या हातात काय पडतं, ते हिशेबपट्टीवर वाचायला शिका. शेतकरी उत्पादक कंपन्यांना, म्हणजे शेतकऱ्यांनीच मिळून काढलेल्या कंपन्यांना, अशी जाण असलेली मुलं-मुली खरोखर हवी आहेत. पुढे शिकायचं तर हैदराबादची मॅनेज (राष्ट्रीय कृषी विस्तार व्यवस्थापन संस्था) चांगली. त्यासाठी कॅट ही व्यवस्थापनाची प्रवेश परीक्षा द्यावी लागते.