8 इंची टॅब रोज लोकलमधून न्यायचा तर कसा सांभाळावा?

तुम्ही लिहिलंय की ठाणे ते घणसोली रोजचं जाणंयेणं आहे, वाचायला आणि नोट्स काढायला 8 इंची टॅब घेतलाय पण गर्दी आणि पाऊस बघून बाहेर काढायची भीती वाटते. अहो न्या की बिनधास्त! घरातच ठेवायचा होता तर 11 इंची बरा होता. मी पण याच ट्रान्सहार्बरला, म्हणजे ठाणे-नवी मुंबई लोकलला असते, ऐरोलीला आयटीपार्कवाले उतरले की जरा श्वास घ्यायला मिळतो, तेव्हा एका हातात टॅब धरून चार पानं वाचून होतात, मोठ्या टॅबवर हे जमतच नाही.

कव्हर जाडजूड बुकवालं घेऊ नका. टॅब साधारण 300-350 ग्रॅमचा, त्यावर जड कव्हर चढवलं की मनगट दुखतं, पकड ढिली होते. मऊ टीपीयूचं, म्हणजे रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचं बॅक कव्हर बघा, कोपरे जाड असलेलं, कारण कोपऱ्यावर आपटला की काच तिथूनच तडकते. दुकानातच टॅब कव्हरमध्ये घालून काउंटरवर पालथा ठेवून बघायचा, स्क्रीन टेकत असेल तर ते कव्हर नको. टेम्पर्ड ग्लास लावाच, पण त्यावर लिहिलेलं 9एच हे कडकपणाचं माप म्हणजे ओरखड्यांपुरतं, पडल्यावर काही होणार नाही असा त्याचा अर्थ नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे दाब, याबद्दल कोणी बोलतच नाही. ठाण्याला 9-10 नंबर प्लॅटफॉर्मवरून गाडीत चढताना आपण बॅग पुढे घेतो ना, मग समोरून लोकांचे कोपर आणि आत आपलाच जेवणाचा स्टीलचा डबा, त्याची कड बरोबर स्क्रीनच्या मधोमध रुतते. इतकी पातळ वस्तू वाकायला कितीसा वेळ लागतो, आणि आतून डिस्प्ले गेला तर वरची ग्लास शाबूत असून काही उपयोग नाही. म्हणून एक कडक पुठ्ठ्याचं फोल्डर घ्या, टॅबची स्क्रीन त्याच्याकडे करून अंगाकडच्या कप्प्यात ठेवा, डबा आणि पाण्याची बाटली पार दुसऱ्या कप्प्यात.

पावसासाठी आधी खोक्यावर आयपी रेटिंग बघा, म्हणजे धूळ-पाणी किती रोखतो त्याचं माप. आयपी67 म्हणजे 1 मीटर पाण्यात 30 मिनिटं, पण बऱ्याच स्वस्त टॅबना हे नसतंच, तेव्हा जून ते सप्टेंबर झिपवाल्या प्लास्टिक पाऊचमध्येच टाकायचा, छत्री असली तरी, कारण बॅग खालून भिजते. आणि भिजलाच तर लगेच चार्जरला लावून बघायचा मोह कृपया टाळा, पोर्टमध्ये पाणी असताना करंट गेला की पिना गंजतात, कधी शॉर्टही होतो. बंद करा, पोर्ट खाली करून पंख्याखाली ठेवून द्या, घाई नको. तांदळाच्या डब्यात घालू नका, त्याची पूड पोर्टमध्ये जाते. हेअर ड्रायर पण नको.

बॅटरीचं थोडक्यात. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायचा नाही, उशीखाली चार्जिंग नाही, सेटिंगमध्ये 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर चालू करा.

चोरीचं म्हणाल तर दारात उभं राहून काढूच नका, प्लॅटफॉर्मवरचे हात पटकन येतात. सिमवाला टॅब असेल तर त्याचा आयएमईआय, म्हणजे प्रत्येक सिमवाल्या उपकरणाचा वेगळा ओळख नंबर, आजच लिहून ठेवा, खोक्यावर असतो, गेलाच तर रेल्वे पोलिसांत तक्रार करून सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून तो ब्लॉक करता येतो. नुसत्या वायफायवाल्याला आयएमईआय नसतो, तिथे सिरियल नंबर, स्क्रीन लॉक आणि फाइंड डिव्हाइस (हरवलेला टॅब शोधायची सोय) एवढंच हातात आहे, म्हणून ते आत्ताच चालू करा आणि नोट्सचा बॅकअप रोज आपोआप जाईल असं सेट करून टाका.