वाचकांचे प्रश्न : एक बोल्ट नसला तर?

प्रश्न : आमच्या द्रावक साठवणुकीच्या खोलीत फ्लेमप्रूफ मोटार आहे. तिच्या टर्मिनल बॉक्सच्या झाकणाचा आठांपैकी एक बोल्ट नाही, तरी झाकण घट्ट आहे. ओल शिरू नये म्हणून सांध्यावर सिलिकॉनही लावले आहे. दरमहा बाहेरून पाहणी होते. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : नाही. दुरुस्ती होईपर्यंत त्या मोटारीचा वीजपुरवठा तोडून ठेवावा.

फ्लेमप्रूफ पेटीत वायू शिरतच नाही, हा समज चुकीचा आहे. तो शिरणार असे गृहीत धरूनच ती घडवलेली असते. आत स्फोट झाला तर त्याचा दाब पेटीने सोसायचा आणि सांध्यातील मिलिमीटरच्या काही अंशाएवढ्या फटीतून बाहेर पडताना ज्वाळेने इतके थंड व्हायचे, की बाहेरचा वायू पेटू नये, हे तिचे तत्त्व आहे. बोल्ट नसेल तेथे स्फोटाच्या दाबाने झाकण किंचित उचलले जाऊन फट रुंदावते. हाताने झाकण हलत नाही, यावरून त्या वेळी काय होईल ते कळत नाही. घट्ट होणारे सिलिकॉनही दोन्ही पृष्ठभाग एकमेकांपासून दूर धरते. तेथे उत्पादकाने मान्य केलेले, न सुकणारे ग्रीसच लावावे. नवा बोल्ट मूळ बोल्टाच्याच मापाचा आणि प्रतीचा हवा.

स्फोटक वायूच्या जागी वापरल्या जाणाऱ्या विद्युत उपकरणांच्या तपासणीसाठीच्या आयईसी ६००७९-१७ या आंतरराष्ट्रीय मानकात पाहणीचे तीन स्तर आहेत : नुसत्या डोळ्यांनी दिसेल तेवढे पाहणे, हत्यारे घेऊन जवळून तपासणे आणि पेटी उघडून सविस्तर तपासणे. बोल्ट नसणे हा पहिल्याच स्तरावर दिसणारा दोष आहे. म्हणजे तुमच्या पाहणीत तो सापडला होता, पण पुढे कृती झाली नाही, आणि मला याचीच अधिक काळजी वाटते.

सविस्तर तपासणीत नेमप्लेटवरील वायुगट (उपकरण कोणत्या प्रकारच्या वायूंसाठी आहे) व तापमानवर्ग (त्याचा पृष्ठभाग जास्तीत जास्त किती तापू शकतो) साठवलेल्या द्रावकाशी जुळतात का, हेही पाहावे. कार्बन डायसल्फाइड सुमारे ९० अंश सेल्सियसला आपोआप पेटते. त्याच्याजवळ टी३ वर्गाची, म्हणजे पृष्ठभाग २०० अंशांपर्यंत तापू शकणारी मोटार चालणार नाही. न वापरलेले केबलप्रवेश, म्हणजे पेटीत केबल नेण्याची छिद्रे, प्रमाणित प्लगनेच बंद केलेले असावेत. झाकण उघडल्यावर सांध्यावर गंजाचे खड्डे दिसले, तर कानस किंवा सँडपेपर लावू नये, कारण त्याने फट वाढते. पेटी सक्षम दुरुस्ती कार्यशाळेकडे द्यावी.