परक्याच्या ‘बस’ला बसणारा डॉबरमन
दादा, तुमचा १४ महिन्यांचा डॉबरमन कळंब्याच्या मळ्यावर कुणीही ‘बस’ म्हटलं की बसतो आणि बिस्किटापुढं शेपूट हलवतो. म्हणून जर्मन कमांड शिकवू का, असं विचारलंय.

खुशाल शिकवा, पण शब्द म्हणजे कुलूप नव्हे. तुम्ही दिवसभर ‘प्लाट्झ’ (जर्मनमध्ये ‘आडवा हो’) ओरडलात की आठवड्यात ऊसतोडीची पोरंही तेच म्हणतील. परक्याच्या शब्दानं आणि हातानं काही मिळत नाही, मिळतं ते घरच्यांकडूनच, एवढं त्याच्या डोक्यात बसलं पाहिजे.

आधी गवळी, गडी, पाहुणे यांचं लाडानं खाऊ घालणं बंद. जेवण त्याच्याच भांड्यात, ‘घे’ म्हटल्यावरच. बक्षीसही जमिनीवर टाकू नका, हातातून द्या.

मग त्यानं कधी न पाहिलेला माणूस बोलवा. कुत्रा आखूड पट्ट्यात. माझ्या जर्मन शेफर्ड कुत्रीच्या नाकापासून वीतभर अंतरावर मित्रानं उकडलेल्या मटणाचा तुकडा धरला होता. ‘ये, घे की’ म्हणून तो चुचकारत होता, तिच्या लाळेची तार फरशीला टेकली होती. मी गप्प. ती झेपावली की तो मूठ मिटायचा, बास. सात-आठ खेपांनी तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि माझ्या खिशातलं मटण! तो क्षण हुकवू नका. परक्याच्या ‘बस’, ‘ये’चा सरावही असाच.

काही जण परक्याकडून काठी मारवतात, तुकड्याला तिखट लावतात. कृपा करून हे करू नका. भेदरलेला कुत्रा उद्या शेजारच्या पोराला चावेल.

खरी परीक्षा तुम्ही नजरेआड असताना. फ्रेंच रिंग या राखणदार कुत्र्यांच्या स्पर्धेत मालक लपलेला असताना कुत्र्यापुढं खाऊ टाकतात, त्यानं तोंड लावायचं नसतं. तुम्हीही लांब दोरी बांधून आडोशाला उभे राहा आणि कुंपणावरून तुकडे टाकायला लावा. दर वेळी माणूस नवा, जागा नवी. शिकला म्हणून सोडू नका, महिन्यातून एकदा तरी तपासा. तरीही कुणी विष घातलेला तुकडा टाकेल ही भीती असतेच, एवढ्यानंच निर्धास्त राहू नका. रात्री त्याला कुंपणापासून आत ठेवा, पहाटे मोकळं सोडण्याआधी आवारात बॅटरी फिरवा.

आणि आईंनाही सरावात घ्या. नाहीतर तुम्ही दोन दिवस पुण्याला गेलात की तो त्यांच्या हातचंही खाणार नाही.